लिलांवांतली जुनी मोटार

जुनी मोटार ओळखीच्या गृहस्थाकडून घेतां येते, दलालाकडून घेतां येते, तशी ती लिलांवांतही घेतां येते. लिलांवांत ती स्वस्त मिळते अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती पुष्कळ अंशीं खरी आहे. परंतु ती स्वस्त कां मिळते, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. आज त्या प्रश्नासंबंधींच मला बोलावयाचें आहे. आणि तेंही मोटारींचा धंदा करणाऱ्यांसाठीं नव्हे, तर सांठविलेल्या पैशांतून घरापुरती एकच मोटार घेऊं पाहणाऱ्या गृहस्थासाठीं.

लिलांवाच्या जाहिरातीच्या तळाशीं, बारीक अक्षरांत, एक वाक्य असतें: मोटार ‘जशी आहे, जेथें आहे’ त्या स्थितींत विकली जाईल. म्हणजे पुढें गियर मोडका निघाला किंवा इंजिन उघडावें लागलें, तर त्याचा भार घेणाऱ्यावर. किंमत उतरते ती ह्या वाक्यामुळें. १९३० चा मालविक्रीचा कायदाही मुळांत हेंच धरून चालतो. मालाच्या दर्जाची हमी हा त्यांत अपवाद आहे. त्याचें ६४ वें कलम खास लिलांवांविषयीं आहे. हातोडा पडला, किंवा रूढीप्रमाणें ‘तीन वार’ झालें, कीं विक्री पुरी होते. तोंवर बोली मागें घेतां येते. विकणाऱ्यास स्वतः बोली लावावयाची असेल, तर तो हक्क त्यानें आधीं उघडपणें राखून ठेविला पाहिजे. तसें न करतां आपलाच माणूस उभा करून त्यानें भाव चढविला, तर विक्री रद्द करण्याचा अधिकार खरेदीदारास आहे. अर्थात् तें सिद्ध करणें सोपें नाहीं. बोली मागें घेण्याच्या सवलतीवरही फार विसंबूं नये. आज बहुतेक लिलांव संगणकाच्या पडद्यावर होतात. त्यापूर्वीं अनामत भरावी लागते, आणि ती भरतांना आपण ज्या अटी मान्य करतों त्यांत, मागें फिरणाऱ्याची अनामत जप्त करण्याची अट बहुधा असतेच.

माझ्या मतें घेणारा खरा अडचणींत येतो तो कागदांमुळें. बिघडलेलें इंजिन मिस्त्री दुरुस्त करील. दुसऱ्याच्या नांवावर राहिलेली मोटार कोणताही मिस्त्री आपल्या नांवावर करून देऊं शकत नाहीं. म्हणून मोटार कोण विकतो आहे, हें आधीं पाहावें.

कर्ज थकल्यामुळें बँकेनें ताब्यांत घेतलेली मोटार असेल, तर मूळ मालक बहुधा रागावलेला असतो, कधीं बेपत्ताही झालेला असतो. नोंदणीचें प्रमाणपत्र तो खुषीनें देत नाहीं. ह्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५१ व्या कलमांत उपाय आहे. बँकेनें परिवहन कार्यालयाकडे ३६ व्या नमुन्यांत अर्ज करावयाचा, कार्यालयानें मूळ मालकास आपलें म्हणणें मांडण्याची संधी द्यावयाची, आणि मग जुनें प्रमाणपत्र रद्द करून बँकेच्या नांवें नवें द्यावयाचें. तेव्हां विचारावयाचा पहिला प्रश्न ‘मोटार किती किलोमीटर धांवली’ हा नसून ‘हें नवें प्रमाणपत्र मिळालें आहे काय’ हा आहे. मिळालें नसेल, तर हस्तांतराच्या २९ व ३० ह्या नमुन्यांवर सही कोण करणार, आणि कर्जाचा बोजा उतरविणारा ३५ वा नमुना केव्हां मिळणार, हें लेखी घ्यावें. ‘नंतर पाहूं’ असें तोंडीं उत्तर आलें, तर ती मोटार दुसऱ्या कोणास तरी घेऊं द्यावी.

सरकारी लिलांवाची रीत निराळी. केंद्र वा राज्य सरकारनें, किंवा त्यांच्या वतीनें, केलेल्या जाहीर लिलांवांत मोटार घेतली, तर ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आंत ३२ व्या नमुन्यांत अर्ज करावा लागतो, व त्यास विक्री कायम केल्याचा हुकूम जोडावा लागतो. मोटारीस क्रमांकच नसेल, किंवा असलेला क्रमांक खोटा ठरला असेल, तर आधीं त्या सरकारी खात्याच्या नांवें नवा क्रमांक पडतो आणि मग ती आपल्या नांवें होते. परंतु सरकारी मालकीच्या, १५ वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढें चालविली जात नाहीं. तीं मोडींत काढण्यासाठींच विकलीं जातात. जुनी सरकारी जीप पाहून मोह पडणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. पाटी परराज्याची असेल, तर तेथील ना-हरकत दाखला आणि येथील कर हा वेगळा व्याप असतो.

पाहणीच्या दिवशीं मोटार रस्त्यावर चालवूं देणार नाहींत, असेंच धरून चालावें. बरोबर ओळखीचा मिस्त्री न्यावा. त्याच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीइतका सत्कारणीं लागणारा पैसा ह्या सबंध व्यवहारांत दुसरा नाहीं. चासीवर कोरलेला क्रमांक प्रमाणपत्राशीं अंकाअंकानें जुळवावा. खरवडलेला दिसला तर तेथूनच परतावें. तेलाच्या झांकणाखालीं दुधाळ साय दिसली, तर तेलांत पाणी मिसळल्याची शंका घ्यावी. विमा कंपन्यांनीं भरपाई देऊन घेतलेल्या मोटारीही लिलांवास येतात, आणि त्यांत पुरांत बुडालेल्या असतात. मुंबईस २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां किती मोटारी पाण्याखालीं गेल्या हें मुंबईकरांस सांगावयास नको. अशी मोटार धुऊन-पुसून लखलखीत करतां येते. पण आसनाचा सुरक्षापट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला, तर त्याच्या आंतल्या टोंकाशीं गढूळ पाण्याची रेघ पुष्कळदां सांपडते. गालिचाखालीं वाळलेला गाळ आणि बैठकीखालच्या स्क्रूंवरचा गंजही पाहावा. अशा मोटारींत तारांचे जोड पुढें कित्येक महिने एकेक करून दगा देत राहतात.

आतां किंमत. ती लिलांवाच्या जागीं ठरवूं नये, घरीं कागदावर ठरवावी, आणि ती उलट्या बाजूनें मोजावी. समजा, तशीच मोटार बाजारांत ४ लाखांना मिळते. लिलांव करणाऱ्याची दलाली व कर १५ हजार, हस्तांतर आणि विमा २० हजार, महिनोन्‌महिने आवारांत उभी असल्यामुळें बॅटरी, टायर, तेलें व उंदरांनीं कुरतडलेल्या तारा मिळून ४५ हजार, आणि न दिसलेल्या दोषांसाठीं ४० हजार. बाकी राहिले २ लाख ८० हजार. हे आंकडे मोटारीगणिक बदलतील, परंतु जो आंकडा येईल तीच आपली शेवटची बोली. शेजारचा बोली वाढवितो तो व्यापारी असेल, तर त्याचें स्वतःचें गॅरेज असतें. त्याच्याशीं चढाओढ करण्यांत अर्थ नाहीं.

बोली आपल्या नांवें सुटली, तर उरलेली रक्कम भरून मोटार हलविण्यास थोडेच दिवस मिळतात. त्यानंतर आवाराचें भाडें चढूं लागतें. तरी विमा सुरूं झाल्यावांचून ती चालवीत आणूं नये. विम्याचे कागद हातीं येण्यास वेळ लागणार असेल, तर ती दुसऱ्या वाहनावर चढवून आणावी आणि त्याचें भाडें आधींच वरच्या हिशेबांत धरावें.