आवाजाच्या नसेलगतच्या गाठी

अन्ननलिकेचा कर्करोग बहुतेक वेळा घास अडकू लागला की उघडकीला येतो. आधी भाकरी उतरत नाही, मग मऊ भात, शेवटी पाणीही. तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो, आणि त्याला या नळीची रचनाही कारणीभूत आहे. जेमतेम 25 सेंटीमीटर लांबीची ही नळी श्वासनलिका, हृदय आणि महाधमनी यांना खेटून छातीतून खाली उतरते. आतड्यावर असते तसे बाहेरचे आवरण तिला नाही. तिच्या अस्तरातल्या लसिकावाहिन्या उभ्या पसरलेल्या असतात. त्यामुळे छातीच्या मध्यावरच्या गाठीतल्या पेशी जवळच्या ग्रंथी ओलांडून थेट मानेत किंवा पोटात जाऊन बसू शकतात. नळीचा रोगट भाग काढला म्हणजे अर्धेच काम झाले. सभोवतालच्या लसिका ग्रंथी चरबीसकट सोलून काढणे हे उरलेले अर्धे, आणि माझ्या मते अधिक अवघड.

1913 साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी 67 वर्षांच्या एका बाईंची अन्ननलिका छाती उघडून काढली. उरलेली टोके जोडणे तेव्हा शक्य नव्हते. मानेतल्या छिद्रापासून पोटातल्या छिद्रापर्यंत शरीराबाहेरून रबरी नळी लावली गेली. त्या नळीतून अन्न घेत त्या बाई तपभर जगल्या. पुढे 1946 मध्ये आयव्हर लुइस यांनी पोट आणि उजवी छाती अशा दोन वाटांनी शिरून जठर वर ओढून जोडण्याची पद्धत मांडली. ग्रंथींचा ध्यास मात्र जपानने घेतला. टोकियोच्या हिरोशी अकियामा यांनी पोट, छाती आणि मान या तिन्ही क्षेत्रांतल्या ग्रंथी काढण्याचा आग्रह धरला.

या साऱ्याची किंमत रुग्णाच्या छातीला मोजावी लागे. बरगड्या फाकवल्या की वेदना इतकी की माणूस धड खोकू शकत नाही. कफ साचतो, न्यूमोनिया होतो. 1992 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या आल्फ्रेड कुशिएरी यांनी दुर्बिणीने छातीत शिरण्याचा मार्ग दाखवला. कोईमतूरचे सी. पलानिवेलू यांनी 2006 मध्ये रुग्णाला पालथे झोपवून केलेल्या 130 शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि जपानमधल्या शल्यविशारदांनीही ती रीत उचलली. पालथ्या रुग्णाचे फुप्फुस स्वतःच्या वजनाने पुढे लोंबते, कार्बन डायऑक्साइडच्या हलक्या दाबाने आणखी दबते, आणि रक्त कामाच्या जागेत साचत नाही. भारतातल्या ऑपरेशन थिएटरमधून जगाकडे गेलेल्या या रीतीचे आपल्याकडे पुरेसे कौतुक झालेले नाही.

खरी कसोटी वर, छातीच्या तोंडाशी लागते. स्वरयंत्राला हलवणारी नस उजवीकडे गळपट्टीच्या हाडामागच्या धमनीखालून वळसा घेते आणि डावीकडे थेट महाधमनीच्या कमानीखालून फिरून वर चढते. आपल्याकडे अधिक आढळणाऱ्या, तंबाखू आणि मिश्रीशी नाते असलेल्या स्क्वॅमस प्रकारच्या कर्करोगात याच नसेलगतच्या ग्रंथींत रोग वारंवार सापडतो. मोठा केलेला पडदा समोर असतो, नस पांढुरक्या दोऱ्यासारखी दिसते, भोवती पिवळी चरबी आणि तीत दडलेल्या ग्रंथी. इथे विजेच्या उपकरणाची ऊब जरा जास्त झाली किंवा नस किंचित ताणली गेली, तरी आवाज बसतो. आवाजापेक्षाही गंभीर म्हणजे पाणी पिताना ठसका लागून ते फुप्फुसात उतरते. म्हणून कात्री थंड ठेवतात, नस उचलतात पण ओढत नाहीत. ती शाबूत आहे की नाही हे सांगणारे विद्युत संकेतांचे यंत्रही काही ठिकाणी वापरतात.

काढलेली चरबी पॅथॉलॉजिस्टकडे जाते. तिथे ती बोटांनी चाचपून एकेक ग्रंथी वेगळी करावी लागते. एक-दोन ग्रंथींत रोग असेल तर एक टप्पा, तीन ते सहा असतील तर पुढचा, सात किंवा अधिक असतील तर त्याहून पुढचा. किमान 15 ग्रंथी तपासल्या जाव्यात असा सर्वसाधारण संकेत आहे. कमी काढल्या, तर रोग नाही असे वाटेल आणि तो मागे राहिलेला असेल.

लहान छिद्रांमुळे ही सफाई कमी होते का, ही शंका रास्त होती. 2012 च्या ‘टाइम’ चाचणीत 115 रुग्ण होते. पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग उघड्या शस्त्रक्रियेत 29 टक्क्यांना, दुर्बिणीत 9 टक्क्यांना झाला. काढलेल्या ग्रंथी जवळपास सारख्याच. जपानमधल्या 300 रुग्णांच्या चाचणीत, तीन वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांच्या प्रमाणात दुर्बीण मागे पडली नाही. छिद्र लहान असणे हा दुय्यम मुद्दा आहे; त्यातून शिरणारे हात किती सरावलेले आहेत, हा पहिला.

मानेतल्याही ग्रंथी नेहमी काढाव्यात का, यावर एकमत नाही. टाटा मेमोरियलने 2004 मध्ये दोन विरुद्ध तीन क्षेत्रांची मोठी चाचणी सुरू केली. शांघायच्या 400 रुग्णांच्या चाचणीत मानेच्या सफाईने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. मला वाटते, संशय नसताना मान उघडण्याचा अट्टहास आता सोडावा.

शस्त्रक्रियेआधी दिल्या जाणाऱ्या रेडिएशन आणि केमोमुळे हिशेबच बदलला आहे. नेदरलँड्सच्या ‘क्रॉस’ चाचणीत या उपचारानंतर स्क्वॅमस प्रकारच्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या काढलेल्या नळीत कर्करोगच उरला नव्हता. मग त्यांची नळी काढायचीच कशाला? तिथल्याच ‘सॅनो’ चाचणीने पाहिले, की रोग दिसेनासा झालेल्यांवर नुसते लक्ष ठेवले तर दोन वर्षांपर्यंत जीव वाचण्यात फरक पडत नाही. पण त्यातल्या साधारण निम्म्या रुग्णांमध्ये रोग पुन्हा तिथेच किंवा जवळच्या ग्रंथींत उगवला. रेडिएशनने घट्ट झालेल्या त्या जागेत, त्याच नसेभोवती, उशिराने हात घालणे आणखी कठीण. लक्ष ठेवायचे तर ठरावीक अंतराने दुर्बिणीतून तपासणी, आतली सोनोग्राफी, संशय आल्यास ग्रंथीत सुई आणि पेट स्कॅन हे सारे वर्षानुवर्षे झाले पाहिजे. जिल्ह्याच्या गावाहून मुंबईला येणाऱ्या माणसाला त्यासाठी दर खेपेला रेल्वेचे तिकीट, राहायची सोय आणि बुडालेली मजुरी लागते. हा खर्च कोण उचलणार, हे ठरवल्याशिवाय ‘थांबून पाहू’ हा सल्ला त्याला देता येत नाही.