मधली पाच वर्षं काय केलंत?

मुलाखतीतले अवघड प्रश्न म्हटलं की आपल्यासमोर एक ठरलेली यादी येते. स्वतःबद्दल सांगा, तुमचा एक दोष सांगा, आम्ही तुम्हालाच का घ्यावं, पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल. या सगळ्यांची तयार उत्तरं हजार ठिकाणी मिळतात, त्यामुळे ती आज पुन्हा सांगत बसत नाही. आज आपण एकच प्रश्न घेऊ आणि तो नीट सोडवू. समोरचा माणूस कागदावरून नजर उचलतो आणि विचारतो, "पदवी २०१९ ला झाली. मधली पाच वर्षं काय केलंत?"

आम्ही पाच जण दर रविवारी सराव मुलाखती घेतो. आमच्यातल्या तिघांनी कंपन्यांमध्ये माणसं निवडण्याचं काम केलंय, दोघे शिक्षक आहेत. आमच्याकडे येणाऱ्यांत मोठा भरणा असतो स्पर्धा परीक्षा सोडून आलेल्यांचा. पुण्यात सदाशिव पेठेत, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहायचं, सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरायची, मेसचा डबा खायचा, राज्यसेवा आणि संयुक्त परीक्षा देत राहायचं. खुल्या प्रवर्गाला राज्यात वयोमर्यादा ३८ आहे, त्यामुळे "अजून एक वर्ष" म्हणायला जागा कायम शिल्लक राहते. मग अठ्ठाविसाव्या, एकोणतिसाव्या वर्षी घरची ओढाताण बघवत नाही, आणि खाजगी नोकरीचा पहिला अर्ज जातो.

यात आणखी एक अडचण आहे, ती लक्षात घ्या. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ब अराजपत्रित आणि गट क पदांच्या मुलाखती बंद केल्या. वशिलेबाजीला आळा बसावा हा हेतू चांगलाच होता. पण परिणाम असा की पाच वर्षं परीक्षा देऊनही अनेकांनी टेबलाच्या पलीकडे बसलेला मुलाखतकार एकदाही पाहिलेला नसतो. पहिलाच अनुभव, आणि पहिलाच प्रश्न दुखऱ्या जागेवर.

तीन उत्तरं, जी चालत नाहीत

पहिलं उत्तर लपवण्याचं. "घरचा व्यवसाय बघत होतो सर." कोणता व्यवसाय? उलाढाल किती? माल कुठून येतो? तिसऱ्या प्रश्नाला घसा कोरडा पडतो. काही जण याच्याही पुढे जाऊन बनावट अनुभव प्रमाणपत्र आणतात. त्यांना एवढंच सांगतो की आता हे पकडणं फार सोपं झालंय. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आयुष्यभर एकच राहतो, आणि कुठल्या मालकाकडे कधीपासून कधीपर्यंत होतात ते त्यात दिसतं. अनेक कंपन्या ते मागून घेतात. दोन वर्षांचा अनुभव सांगितला आणि तिथे एकाही महिन्याची नोंद नाही, तर हातात आलेली नोकरीही जाते. शिवाय गेलेली नोकरी परीक्षेमुळे गेलेली नसते, खोटेपणामुळे गेलेली असते.

दुसरं उत्तर तक्रारीचं. जाहिरातच उशिरा निघाली, निकाल लांबला, प्रकरण कोर्टात गेलं, करोना आला. यातलं बरंचसं खरं असतं. आम्हालाही ते माहीत आहे आणि मुलाखत घेणाऱ्यालाही. पण तो वेगळंच ऐकतो. उद्या आमच्याकडे काम अडलं तर हा माणूस कारणांची यादी आणणार, असं त्याला वाटतं.

तिसरं उत्तर माफीचं. मान खाली, आवाज बारीक, "सर, वाया गेली ती वर्षं." हे ऐकताना आमचाही जीव कासावीस होतो. पण तुम्हीच वाया गेली म्हणालात तर समोरचा कशाला नाही म्हणेल? आणि ते खरंही नसतं. आकडे बघा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुलाखतीला रिक्त जागांच्या साधारण दुप्पट उमेदवार बोलावतात. म्हणजे पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा पार करून जे दिल्लीपर्यंत पोचतात, त्यांतलेही निम्मे परत येतात. यशस्वी न होणं म्हणजे आळशी असणं नव्हे. हे आधी तुम्हाला पटलं पाहिजे, तरच ते समोरच्याला पटेल.

समोरच्याला खरं काय विचारायचं असतं?

आमच्यातल्या तिघांनी वर्षानुवर्षं खुर्चीच्या त्या बाजूला बसून हा प्रश्न विचारलाय. तेव्हा मनात तीन शंका असतात. पहिली, हा उद्या परत परीक्षेकडे जाईल का? दुसरी, आठ तास दुसऱ्याच्या सांगण्यानुसार काम करायची सवय याला आहे का? तिसरी, चोवीस वर्षांच्या टीम लीडरच्या हाताखाली हा राहील का? म्हणजे प्रश्न तुमच्या भूतकाळाबद्दल विचारलेला दिसतो, पण काळजी असते ती पुढच्या दोन वर्षांची.

म्हणून उत्तर चार पायऱ्यांत द्या. जे घडलं ते एका वाक्यात. ते कधी आणि का थांबवलं, ते एका वाक्यात. त्यानंतर या नोकरीसाठी काय केलं, ते दोन वाक्यांत. आणि चौथी पायरी म्हणजे गप्प बसणं. उदाहरण घ्या:

"सर, २०१९ ते २०२४ मी राज्यसेवेची तयारी केली. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, निवड झाली नाही. गेल्या जूनमध्ये मी परीक्षा थांबवायचं ठरवलं, कारण आता मला कमावणं गरजेचं आहे. त्यानंतर सहा महिने एक्सेल आणि टॅली शिकलो, आणि आमच्या गावातल्या एका कृषी सेवा केंद्राचे तीन महिन्यांचे हिशेब लिहून दिले."

बास. अर्ध्या मिनिटात उत्तर संपतं. नंतर जी शांतता पसरते ती भरून काढायचा मोह होतो, आणि तिथेच मुलं घसरतात. "म्हणजे सर तसं बघितलं तर..." इथून जे सुरू होतं ते कधीच तुमच्या फायद्याचं नसतं.

तिसऱ्या पायरीबद्दल थोडं सविस्तर सांगतो. राज्यघटनेची कलमं पाठ आहेत हे सांगून कंपनीला उपयोग नाही. पण पाच वर्षांत तुम्ही नुसता अभ्यास केला नसेल. कुणी अभ्यासिकेची फी गोळा करून हिशेब ठेवलेला असतो, कुणी ज्युनिअर मुलांना गणित शिकवलेलं असतं, कुणी सराव पेपर तपासून दिलेले असतात. चाळीस पानांचा शासन निर्णय वाचून त्यातलं कामाचं अर्ध्या पानात उतरवण्याची सवय अनेकांना असते. हे काम आहे. ते आठवून लिहून काढा. आणि असं काहीच नसेल, तर अर्ज करण्याआधी दोन-तीन महिने काहीतरी करा. शब्दांनी ती जागा भरत नाही.

"निकाल लागला तर सोडून जाल का?"

हा पुढचा प्रश्न येतोच. याचं उत्तर मुलाखतीच्या खोलीत ठरवता येत नाही, ते घरून ठरवून यावं लागतं. खरंच थांबवलं असेल तर, "नाही सर, मी यंदा अर्जच भरलेला नाही," हे एक वाक्य पुरतं. पण एखादी परीक्षा दिलेली असेल, निकाल बाकी असेल, तर तेही सांगा: "एका परीक्षेचा निकाल यायचाय. त्यानंतर पुढे देणार नाही." काही ठिकाणी या उत्तरामुळे नकार येईल, हे आम्ही लपवत नाही. तरीही आम्ही हेच सांगतो. कारण एखादा मुलगा "जाणार नाही" म्हणून रुजू होतो आणि चार महिन्यांत निघून जातो, तेव्हा ती कंपनी पुढच्या वर्षी त्याच अभ्यासिकेतून आलेल्या दुसऱ्या मुलाचा अर्ज वाचतसुद्धा नाही. किंमत कुणी तिसराच मोजतो.

वयाने लहान साहेबाबद्दल विचारलं तर मोठमोठ्या गोष्टी नकोत. "त्यांना हे काम माझ्यापेक्षा जास्त येतं, मला शिकायचंय," एवढं पुरे. मात्र ते मनातून मान्य नसेल तर पहिल्याच आठवड्यात उघडं पडतं.

मुलींना याच जागी वेगळा प्रश्न येतो: "एवढी वर्षं झाली, आता लग्न कधी?" कामाशी संबंध नसलेला हा प्रश्न विचारायला नकोच, पण विचारला जातो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, आणि काही मालक मनात तोच हिशेब करत असतात. चिडून उठायचं की नाही हा तुमचा हक्क. नोकरी हवी असेल तर उत्तर कामाकडे वळवा: "सर, माझी या नोकरीत लांबपर्यंत राहण्याची तयारी आहे. कामाच्या वेळांबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा." तारीख, स्थळं, घरच्यांचं मत, यातलं काहीही सांगायला तुम्ही बांधील नाही.

पहिली मुलाखत घरी

शेवटी एक प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी आमच्याकडे एक मुलगा आला. अभियांत्रिकीची पदवी, सहा वर्षं तयारी. उत्तर चारही पायऱ्यांत चोख पाठ. पण "मी परीक्षा थांबवायचं ठरवलं" या वाक्याला प्रत्येक वेळी आवाज फाटायचा. तीनदा घेतलं, तीनदा तेच. मग आमच्यातल्या एका बाईंनी विचारलं, "अरे, घरी सांगितलंस का?" सांगितलं नव्हतं. वडील गावात अजून म्हणत होते, पोरगा साहेब होणार.

आम्ही त्या दिवशी सराव तिथेच थांबवला. त्याला म्हटलं, तुझी पहिली मुलाखत आमच्यासमोर नाही, घरी आहे. ती देऊन ये. तो तीन आठवड्यांनी आला. वडील दोन दिवस बोलले नाहीत म्हणाला, तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मग आता पगार किती मिळंल?" त्या दिवशी सरावात तेच वाक्य तो सरळ बोलून गेला. चांगलं उत्तर पाठ करून येतं असं आम्हालाही वाटायचं, पण जी गोष्ट आपण आपल्या माणसांना सांगू शकत नाही ती परक्याला शांतपणे सांगता येत नाही, हे आम्ही त्याच्याकडून शिकलो.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. आपलं उत्तर चार ओळींत लिहा. ते तीन माणसांना मोठ्याने ऐकवा: एक घरचं, एक मित्र, एक जो तुम्हाला फारसा ओळखत नाही. जिथे आवाज अडखळेल तिथे खूण करा. तिथला शब्द बदलून उपयोग होत नाही. तिथे कुणाशी तरी बोलायचं राहिलेलं असतं, किंवा काहीतरी ठरवायचं राहिलेलं असतं. ते आधी पुरं करा, आणि मग अर्ज पाठवा.