दहाव्या लेण्यातला गिलावा

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात खांबावर समोरून उजेड पाडला की रंगवलेल्या बुद्धमूर्ती दिसतात. दिवा बाजूला नेऊन तिरपा धरला की त्या मागे सरतात आणि गिलावा पुढे येतो: फुगवटे, भेगा, उचललेल्या कडा. चित्रांच्या अवस्थेच्या नोंदीचं निम्मं काम या तिरप्या उजेडात होतं.

या चैत्यगृहाला ३९ अष्टकोनी खांब आहेत. त्यांना तळखडा नाही, शीर्ष नाही. खांबाला क्रमांक, प्रत्येक बाजूला अक्षर, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी, मग वरून खाली फोटो. चित्राला कागद टेकवायचा नसतो. खुणा फोटोच्या प्रतीवरच करायच्या. शाबूत, पोकळ, उघडा दगड, प्रत्येकाची रेघ वेगळी. बोटाच्या पेरानं अगदी हलकं टकटक केलं आणि बद्द आवाज आला, की तिथं गिलाव्यानं दगड सोडलेला असतो.

मला मात्र सगळ्यात जास्त वेळ लागतो तो फुटलेल्या कडेपाशी. आत बेसाल्टवर छिन्नीचे घाव. त्या खडबडीला धरून राहिलेली भाताच्या तुसाची, काडीकचऱ्याची माती. तिच्यावर बारीक मातीचा हात, त्यावर चुन्याचा पातळ पांढरा थर आणि शेवटी रंग. रंग कोरड्या थरावर दिलेला, म्हणून पाणी लागलं की धोका. मातीला बांधून ठेवणारं ते तूसच किडे खातात. संशोधक राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली वेरूळच्या गिलाव्यात किडे दूर ठेवणारे मानले जाणारे भांगेचे तंतू असल्याचं दाखवलं. अजिंठ्यात भांग नाही, आणि इथला गिलावा किड्यांनी अधिक पोखरला आहे. निजामाच्या काळात, १९२० ते २२ दरम्यान, इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचं रोगण दिलं. पुढे ते पिवळं पडलं. जिथं ते उरलं आहे, तिथं तेही एक थरच आहे आणि त्याचीही वेगळी रेघ हवी.

एका खांबावर ब्रिटिश लष्करी अधिकारी जॉन स्मिथनं २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपलं नाव कोरलं आहे. ते आज माणसाच्या डोक्याच्याही वर आहे, कारण तो साचलेल्या मातीदगडांच्या ढिगावर उभा होता. ही खरवड ‘नुकसान’ या रकान्यात जातेच. पण तिची जमिनीपासूनची उंचीही लिहायला हवी, असा माझा आग्रह असतो. ढीग कधीच उपसला गेला. तो तेव्हा इथं किती चढला होता, याचा अंदाज त्या उंचीवरून बांधता येतो.

मग पुढची बाजू. दिवा पुन्हा तिरपा.