कटलेटला पोह्यांचे कवच

श्रोतेहो, पेण आणि रोहे ही आपली पोह्यांची गावे. भात भिजवायचे, तापल्या वाळूत भाजायचे आणि गरम असतानाच चेपायचे, की झाले पोहे. यांचा जपानी पदार्थाशी काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. तर ऐका.

जपानात डुकराच्या मांसाचा तळलेला काप पावात घालून खातात. त्या कापाला म्हणतात तोनकात्सु. 'तोन' म्हणजे डुक्कर आणि 'कात्सु' हे आपल्या ओळखीच्या कटलेटचेच जपानी लघुरूप! त्याला तिकडे पावाचा जाडसर चुरा लावतात. आपल्याकडे ते काम पातळ पोहे करतील.

पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजा आणि हातानेच चुरा. पीठ मात्र करू नका, बरं का. पिठाचा थर सलग बसतो, आत वाफ कोंडते आणि कवच मऊ पडते. जाड चुऱ्याच्या फटींतून वाफ निघून जाते. शिक्षकांनी हे वर्गात जरूर सांगावे: तळताना उठणारे बुडबुडे तेलाचे नव्हेत, ती पाण्याची वाफ आहे.

मांसाचे काप अर्धा इंच जाडीचे घ्या. कडेच्या चरबीला चिरा द्या, नाहीतर काप तेलात वाकडा होतो. कापडाने टिपून मीठ-मिरपूड लावा. मग मैदा, फेटलेले अंडे आणि शेवटी पोह्यांचा चुरा. मैदा ओल शोषतो, अंडे डिंकाचे काम करते. मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटे तळा.

आता महत्त्वाचे. डुकराच्या मांसात पट्टकृमीच्या, म्हणजे लांब चपट्या जंताच्या, अळ्या असू शकतात. ते कच्चे राहता कामा नये. आच मोठी ठेवली की फसगत होते; वरून लालसर, आत कच्चे. म्हणून एक काप मधोमध कापून पाहा. गुलाबी दिसला, तर सगळेच पुन्हा तेलात सोडा. कच्च्या मांसाची सुरी, पाट आणि हात धुतल्याशिवाय कोबीला हात लावू नका.

ज्यांना डुक्कर चालत नाही त्यांनी कोंबडी घ्यावी, तीही अशीच पुरती शिजवून. शाकाहारी मंडळींनी उकडलेल्या सुरणाचे काप घ्यावेत; अंड्याऐवजी मैद्याची पातळ पेज चालते.

तळलेला काप चाळणीत उभा ठेवा. ताटात ठेवलात तर खालून वाफेने भिजतो. पावाच्या कडा काढून आत चिंचगुळाची घट्ट चटणी लावा, बारीक चिरलेला कोबी आणि काप ठेवून हलके दाबा, मग दोन तुकडे करा. मुलांच्या डब्यात द्यायचा असेल, तर काप पुरता निवल्यावरच झाकण लावा.