तळाशी साठलेला फॉस्फरस

स्वीडनमधल्या वेक्शो शहराच्या ट्रुमेन तलावात येणारं सांडपाणी १९५०च्या दशकाअखेर थांबलं. तरीही तलाव वर्षानुवर्षं शेवाळानं हिरवाच! दोष गाळाचा होता. मेलेल्या शेवाळाबरोबर डीएनए, फॉस्फोलिपिडं अशा रूपांत सेंद्रिय फॉस्फरस तळाशी बसतो. जिवाणू फॉस्फटेज या विकरानं त्यातला फॉस्फेट सुटा करतात. फायटेट हे सेंद्रिय फॉस्फरसचं रूप मात्र चिवट, सहजी तुटत नाही. ऑक्सिजन असेपर्यंत लोहाची संयुगं सुटा झालेला फॉस्फेट धरून ठेवतात. उन्हाळ्यात तळाचा ऑक्सिजन संपला की लोहाचं क्षपण होतं, पकड सुटते आणि फॉस्फेट वर येऊन नव्या शेवाळाला पोसतो. अखेर १९७० आणि १९७१मध्ये तिथला सुमारे मीटरभर गाळ उपसला, तेव्हा कुठे पाणी निवळलं. गाळ वाळवून हिरवळींसाठी माती म्हणून वापरला, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.