फळ्यावरचे सूर

संगीत शिकायचे तर घरात पेटी हवी, गाणारे कोणी हवे, असा पुष्कळांचा समज आहे. आमच्या घरी दोन्ही नव्हते. तरीही घाटकोपरच्या आमच्या वस्तीतील सहावी-सातवीच्या मुलांना मी दर रविवारी गाण्याची तोंडओळख करून देतो. माझा आधार पं. भातखंडे यांची स्वरलिपी.

वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. घराण्याघराण्यांत जपून ठेवलेल्या चिजा त्यांनी मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीसह सर्वांसाठी छापल्या. लिपी सोपी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकातील स्वराखाली टिंब, तार सप्तकातील स्वरावर टिंब. एवढ्याला एक खडू पुरतो.

मात्र आधी कान, मग लिपी. प्रथम त्रितालाच्या १६ मात्रा हातावर मोजायच्या: १, ५ आणि १३ वर टाळी, ९ वर खाली म्हणजे रिकामा हात. नंतर ऐकून स्वर म्हणायचे, आणि शेवटी ते फळ्यावर वाचायचे.

सातवीत काही मुलांचा आवाज फुटू लागतो. अशा मुलाला 'बेसूर' म्हणू नये. त्याच्यासाठी पट्टी उतरवावी. नाहीतर तो कायमचा गप्प बसतो.

अक्षरे सर्वांना खुली झाली, म्हणून आमच्या घरातून मी पहिला कॉलेजात आलो. सुरांच्या अक्षरांवरही कोणाचे वतन नाही.