पिसांचं वाळवण

विजयदुर्गात डाउन जॅकेट घालायची वेळ कधी येत नाही. सांभाळायची मात्र बाराही महिने येते. पुसाच्या पहाटे इथे फार तर एक शाल पुरते. पण किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र, शेजारी वाघोटनची खाडी, आणि पावसाळ्यात मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं. अशा गावात राहून डिसेंबरात हिमालयातल्या केदारकंठ्याच्या बर्फात चालायला जायचं, तर तयारी व्यायामाआधी कपाटापासून सुरू होते.

जॅकेटच्या आत काय असतं ते आधी पाहू. बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवर, वरच्या पिसांखाली, कणा नसलेला मऊ पुंजका असतो; हेच डाउन. त्याच्या बारीक तंतूंमध्ये हवा अडकून राहते, आणि ती हालत नाही म्हणून अंगातली ऊब बाहेर पळत नाही. जॅकेटला स्वतःची ऊब नसते. शरीर जी तयार करतं, तेवढीच ते राखतं. दुकानात ‘700 फिल’ असं सांगतात, त्याचा अर्थ असा की एक औंस, म्हणजे साधारण 28 ग्रॅम डाउन ठरावीक दाबाखाली 700 घन इंच फुगतं. आपल्या मापात जवळपास साडेअकरा लिटर. एवढीशी पिसं एवढी हवा धरतात, म्हणून जॅकेट हलकं आणि तरी उबदार.

या हवेला वारा लागू नये म्हणून वरचं कापड घट्ट विणीचं लागतं. 1922च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंचने फुग्याच्या कापडात आयडर बदकाची पिसं भरून कोट शिवून घेतला होता. सोबत्यांनी आधी त्याची थट्टा केली; आज मात्र त्या उंचीवर सगळेच पिसांचे कपडे घालतात.

पिसांचा शत्रू मात्र वारा नव्हे, ओल. ओले झाले की तंतू एकमेकांना चिकटतात, पुंजक्याची गोळी होते, हवा निघून जाते आणि हातात उरतं पातळ कापड. घोंगडीचं तसं नसतं. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते, म्हणून घाटावरचा धनगर पावसात तीच खोळ करून डोक्यावर घेतो. डाउनला ही सवलत नाही.

म्हणून धुणं हा सगळ्यात जोखमीचा भाग. घाम आणि अंगाचं तेल पिसांत मुरलं की फुगवटा कमी होतो, त्यामुळे कधीतरी धुवावंच लागतं. नेहमीची कपड्याची पावडर चालत नाही; ती पिसांवरचं नैसर्गिक तेल काढून टाकते. डाउनसाठीचा सौम्य साबण, कोमट पाणी आणि मोठा टब. पिळायचं नाही, आपटायचं नाही, फक्त तळव्यांनी दाबायचं. साबण पूर्ण निघेपर्यंत विहिरीच्या गोड्या पाण्यात खळबळायचं. उचलताना खालून दोन्ही हातांचा आधार द्यायचा. भिजलेलं जॅकेट खांद्याला धरून उचललं, तर पाण्याच्या भाराने आतले कप्पे उसवतात.

शहरात पुढचं काम ड्रायर करतो: मंद आच, सोबत दोन-तीन टेनिस बॉल, म्हणजे गोळ्या फुटतात. इथे ते काम वाऱ्याकडून करून घ्यावं लागतं. दिवाळीनंतर पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो; तो त्यातल्या त्यात कोरडा. दुपारकडे दिशा पालटते आणि खारा वारा सुरू होतो. त्यातलं मीठ कापडावर बसलं, की ते हवेतली ओल ओढत राहतं. तेव्हा वेळापत्रक ठरलेलं: दंव उडाल्यावर खळ्यात बाज टाकायची, वर पातळ चादर, त्यावर जॅकेट, सावलीच्या कडेला. खारा वारा लागायच्या आत उचलून माजघरात. मधूनमधून प्रत्येक कप्पा बोटांनी चाचपायचा आणि गोळी लागली की चुरून मोकळी करायची.

शेजारच्या काकूंचं आंबोशी, सोलं, सुके बांगडे यांत आयुष्य गेलंय. त्यांनी जॅकेट दोन बोटांत धरलं, दाबलं आणि निकाल दिला, “भायर सुकला, भितुर दमट आसा.” बरोबरच होतं. बाहेरचं नायलॉन तासाभरात वाळतं, पिसांना मात्र काही दिवस लागतात. उजेडासमोर धरल्यावर कप्प्यात काळपट गोळी दिसली नाही आणि दाबून सोडताच जॅकेट पुन्हा फुगलं, तरच झालं म्हणायचं. ओलं राहिलं तर वास आणि बुरशी ठरलेली.

केदारकंठ्याच्या पायथ्याच्या सांकरीहून चढायला लागल्यावर हीच दक्षता वेगळ्या रूपात पाळावी लागते. केदारकंठा 12,500 फूट. थंडी आहे म्हणून डाउन घालून चढणारे अर्ध्या तासात आतून भिजतात. बर्फाने नव्हे, स्वतःच्या घामाने. चालताना घाम खेचून घेणारा आतला थर आणि एखादं फ्लीस पुरतं. निघताना जरा कुडकुडलं तरी चालतं. डाउन वॉटरप्रूफ पिशवीत, पण सॅकमध्ये अगदी वर. थांबलं रे थांबलं की अंग गार पडायच्या आत ते चढवायचं. कोरडा भुसभुशीत बर्फ झटकला की निघून जातो. शून्याच्या आसपासचा ओला बर्फ कापडावर वितळतो, तेव्हा वर पावसाळी जॅकेट हवंच.

रात्री तंबूत डाउनच्याच स्लीपिंग बॅगेत तोंड खुपसून झोपायचा मोह होतो. पण श्वासातली वाफ थेट पिसांत जाते. ओले मोजे वाळवायला आत घेतले तरी तेच. मोजे सुकतात ते पिसांना भिजवून. गरम पाण्याची, घट्ट बुचाची बाटली पायाशी ठेवणं त्यापेक्षा बरं. सकाळी ऊन आलं की बॅग उलटी करून तंबूवर पसरायची. मुक्काम वाढत जातात तशी ही ओल साठत जाते, बॅग रोज थोडी चपटी होते आणि थंडी तेवढीच असून रात्र मात्र जड जाते.

परतल्यावर जॅकेट कोंबून ठेवायचं नाही. दाबून ठेवलेली पिसं फुगणं विसरतात. सुती पिशवीत सैल ठेवायचं आणि पावसाळ्यात उघाड मिळाली की बाहेर काढायचं.

सह्याद्रीत मात्र मी डाउन नेत नाही. कळसूबाईच्या मुक्कामात डिसेंबरची पहाट गार असते, पण दंवाने तंबू निथळत असतो. तिथे लोकर किंवा सिंथेटिक भरणाचं जॅकेट जास्त भरवशाचं. जड असेल, पण भिजलं तरी पूर्ण दगा देत नाही. नवीन ट्रेकर ‘किती फिलचं घेऊ’ असं विचारतात, तेव्हा मी उलट विचारतो, ‘वाळवणार कुठे?’ उत्तर तयार असेल तर खुशाल डाउन घ्यावं.